ओळखीचा शब्द

परवा रात्री निजानीज झाल्यावर पुण्याहून नातीचा फोन आला.

"ए आजोबा, झोपला नाहीस ना? एकच सांग. फॅमिलिअरच्या पुढे विथ की टू?"

मी छत्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकविले. निवृत्त मास्तराला कोणी व्याकरण विचारणे म्हणजे म्हाताऱ्या पहिलवानाचा दंड कोणी चाचपून बघण्यासारखे आहे. मी अंथरुणात उठून बसलो आणि पाठ म्हणावा तसे सांगून टाकले. माणसाला एखादी गोष्ट चांगली माहीत असेल, तर माणूस त्या गोष्टीशी फॅमिलिअर, तिथे विथ. गोष्ट माणसाच्या ओळखीची असेल, तर ती त्याला फॅमिलिअर, तिथे टू. मला सांगलीचे रस्ते माहीत आहेत, विथ. सांगलीचे रस्ते मला ओळखीचे आहेत, टू. रस्ते तेच, माहिती तीच. वाक्य कोणत्या टोकाने धरले एवढाच काय तो फरक.

"झालं? एवढंच? थँक्यू. झोप आता," असे म्हणून तिने फोन ठेवलादेखील.

झोप कसली येते! तिने दोन विचारली आणि मी दोन सांगितली. पण या शब्दाच्या बाबतीत एक तिसरेही सांगायचे असते. ते राहून गेले. राहून गेले म्हणजे काय, जिभेवर येऊन परत गेले. साठ वर्षे उलटून गेली, तरी ते अजून तसेच करते.

नात मला 'ए' म्हणते, 'तू' म्हणते. मला ते आवडते. आमच्या लहानपणी 'तू' मिळे तो आईला, सवंगड्यांना आणि देवाला. जनाबाईने तर विठोबाला 'तू' म्हणून वर शिव्याही दिल्या, आणि तो म्हणे तिच्या जात्याशी येऊन बसला. वडिलांना मात्र 'तुम्ही', आणि तेही खाली बघून. युरोपातल्या भाषा शिकविणारी जी पुस्तके असतात, त्यांत या 'तू'ला इंग्रजीत फॅमिलिअर फॉर्म असे म्हणतात. इंग्रजांपाशीही एके काळी असा एक 'तू' होता. त्याचे नाव 'दाऊ'. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारच्या बाजूने बोलणाऱ्या एडवर्ड कोकने भर न्यायसभेत त्याला 'दाऊ' म्हणून हिणविले होते. पुढे त्याच शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी, देवापुढे सगळे सारखे म्हणून, न्यायाधीशापासून सरदारापर्यंत ज्याला त्याला 'दाऊ' म्हणण्याचा हट्ट धरला आणि त्यापायी मार खाल्ला. शब्द एकच; एकाच्या तोंडी अपमानाचा, दुसऱ्याच्या तोंडी समतेचा. अखेर ही कटकटच नको म्हणून की काय, इंग्रजांनी तो रोजच्या बोलण्यातून काढून टाकला आणि राजाला नि भिकाऱ्याला एकच 'यू' ठेवला. लोक याला इंग्रजीचा सोपेपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. आपल्याकडे 'तू' आणि 'आपण' मिळून जे काम करतात ते तिकडे साध्यासुध्या विशेषणांच्या माथी आले, आणि दिसायला गरीब असे काही शब्द आतून तिखट झाले. हे माझे मत आहे; कोणा पंडिताला त्याबद्दल बोल लावू नये.

हे मला वेळेवर कळायला हवे होते. कळले ते उशिरा, आणि त्याची किंमत मी नव्हे, अण्णांनी दिली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईच्या एका कंपनीच्या सांगलीतल्या शाखेत कारकून होते. आवक-जावकेची बारनिशी त्यांच्याकडे असे, आणि इंग्रजी पत्रांचे मसुदेही. ते १९३४ सालचे मॅट्रिक. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली ती पिढी. इंग्रजी बोलताना अडखळेल, पण लिहिताना स्वल्पविरामाचीही चूक करणार नाही. आम्ही गावभागातल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहत असू. मॅट्रिक झाल्यावर नोकरी लागेपर्यंत अण्णा त्याच वाड्यातल्या मुलांना गणित शिकवीत. त्यांत मागच्या सोप्यावरच्या बिऱ्हाडातला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. दोन वर्षे तो अण्णांपाशी अपूर्णांक आणि त्रैराशिक शिकला. मग त्याच्या वडिलांची बदली झाली आणि बिऱ्हाड गेले.

१९६३ साली तोच मुलगा आमच्या अण्णांचा मॅनेजर होऊन सांगलीला आला. सूट, टाय, तोंडात पाइप. पहिल्या दिवशी सर्व कारकुनांना एका ओळीत उभे करून त्यांची ओळख करून देण्यात आली. अण्णांपुढे येताच साहेब किंचित थांबले आणि म्हणाले, "युवर फेस इज फॅमिलिअर."

त्या दिवशी संध्याकाळी अण्णा घरी आले ते वेगळेच. पाय धुताना, कोट खुंटीला लावताना, चहाची बशी तोंडाला लावताना तेच एक वाक्य. "चेहरा ओळखीचा वाटतो म्हणाला. एवढा मोठा झाला, पण विसरला नाही हो!"

"मग तुम्ही वाड्याचं नाव काढलंत का?" आईने विचारले.

"छे, छे! चारचौघांत कसं काढणार? साहेब आहे तो आता."

मी तेव्हा दहावीत होतो. आमच्या वेळी शाळेत इंग्रजी सुरू व्हायचे तेच आठवीत. म्हणजे दोन वर्षांची काय ती माझी पुंजी. पण वर्गात माझा पहिला नंबर असे, आणि दोन वर्षांच्या इंग्रजीवर पहिला नंबर असलेल्या मुलाएवढा विद्वान पृथ्वीवर दुसरा नसतो. फॅमिलिअर हा शब्द मी त्याच संध्याकाळी घरातल्या फाटक्या कोशात काढून पाहिला. अर्थ दिले होते : परिचित, माहितीचा, घरोब्याचा... मी तिथेच थांबलो. घरोब्याचा! मला तो शब्द फार म्हणजे फार आवडला.

नवरात्राच्या सुमारास कचेरीतले हेडक्लार्क निवृत्त झाले. अण्णांची नोकरी बावीस वर्षांची. जागा त्यांना मिळावी असे सगळेच म्हणत. अर्ज करायचा होता. अण्णांनी तीन रात्री कंदिलापाशी बसून मसुदा केला. नोकरीची वर्षे, कामाचा तपशील, सारे झाल्यावर शेवटी फार भीत भीत त्यांनी एक वाक्य घातले होते : आय हॅव नोन यू, सर, फ्रॉम युवर बॉयहुड. मग तो कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बघ रे जरा. शेवटचं वाक्य ठेवावं की नाही, मन घेत नाही."

बापाने आपले इंग्रजी तपासायला मुलापुढे ठेवावे, हा काय मान! मी वाक्य ठेवा असे तर म्हणालोच; वर त्यात दुरुस्ती सुचविली. "अण्णा, नोन हा अगदीच साधा शब्द आहे. कोपऱ्यावरच्या वाण्यालासुद्धा आपण नोन म्हणू. इथे फॅमिलिअर घाला. साहेबांनी स्वतः तुम्हाला तोच शब्द वापरला ना?"

अण्णा जरा घोटाळले. "माणसाला चालतो का रे तो?"

"कोशात घरोब्याचा असा अर्थ आहे," मी म्हणालो.

अण्णांनी टाक दौतीत बुडविला. वाक्य झाले : आय ॲम फॅमिलिअर विथ यू, सर, सिन्स युवर बॉयहुड. आज मास्तर म्हणून पाहिले, तर त्या वाक्यात काळाचीही चूक आहे. पण काळाच्या चुकीला कोणी लाल रेघ ओढली नाही.

दिवाळीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. घरात चिरोट्यांचा घाणा चालू होता. जागा मिळाली तर अण्णांना नवा कोट शिवायचा, असे आईने ठरवून टाकले होते. कापडही दुकानात बघून ठेवले होते. अण्णा आले, पाय धुतले आणि म्हणाले, "यंदा नाही. मुंबईहून माणूस येतोय. पुढच्या वेळी बघू." आईने झाऱ्यावरचा चिरोटा परातीत ठेवला आणि "बरं" म्हणाली. एवढेच. रात्री अण्णांनी मला कोटाच्या खिशातून तपकिरीची डबी आणायला सांगितली. डबीबरोबर एक घडी घातलेला कागद हाताला लागला. तो अर्ज होता. शेवटच्या वाक्याखाली लाल पेन्सिलीची रेघ होती आणि समासात एकच शब्द लिहिलेला होता : इम्पर्टिनन्स. तो शब्द मला नवा होता. मी डबी नेऊन दिली आणि कोश काढला. उद्धटपणा, असा अर्थ सापडला. मग मी पाने उलटून पुन्हा फॅमिलिअरवर आलो. परिचित, माहितीचा, घरोब्याचा, आणि घरोब्याच्या पुढे, ओळ संपून दुसऱ्या ओळीच्या आरंभी, आणखी एक शब्द होता : सलगीचा.

स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसविलेले हे शब्द एकमेकांचे कोणी लागतात असे आपल्याला उगीच वाटते. ओळखीचा चेहरा, सवयीचा रस्ता, सरावाचे काम, घरोब्याची माणसे, आणि सलगी! मराठी माणूस यांतला एक शब्द चुकून दुसऱ्याच्या जागी कधी घालणार नाही. साहेबाशी घरोबा आहे असे म्हणणारा कारकून आणि साहेबाशी सलगी करतो असे ज्याच्याविषयी बोलतात तो कारकून, यांत किती अंतर आहे हे पाचवीतल्या पोरालाही कळते. इंग्रजीने ही सारी गाठोडी एका शब्दाच्या डोक्यावर दिली आणि कोणते कधी उतरवायचे ते त्या विथ आणि टू यांच्यावर, आणि त्याहूनही अधिक, बोलणारा कोण नि ऐकणारा कोण यावर सोपविले. साहेबाने कारकुनाला म्हटले, तुझा चेहरा फॅमिलिअर आहे; तो साहेबाचा मोठेपणा झाला. कारकुनाने साहेबाला म्हटले, मी तुमच्याशी फॅमिलिअर आहे. तो कारकुनाचा उद्धटपणा झाला.

अण्णा मला एका अक्षराने बोलले नाहीत. तो शब्द माझा होता, हे त्यांनी कचेरीत सांगितले नाही, आईला सांगितले नाही, आणि मलाही सांगितले नाही. लक्ष्मीपूजनाला त्यांनी नेहमीसारखे माझ्या हातात अनार दिले. मी ते लावले. आणि मीही काही बोललो नाही. एकमेकांचे तोंड न बघता बाप-लेकांनी दिवाळी कशी साजरी करावी, याचे शिक्षण मला त्या वर्षी मिळाले.

चारएक वर्षांनी विलिंग्डन कॉलेजात आम्हाला हॅम्लेट होते. त्यात म्हातारा पोलोनिअस परदेशी निघालेल्या मुलाला उपदेश करतो : लोकांशी मोकळेपणाने वाग, पण स्वस्त होऊ नकोस. तिथे मोकळेपणासाठी जो शब्द आहे तो हाच. प्राध्यापक रंगात आले होते. ते म्हणाले, "विषयाशी खुशाल फॅमिलिअर व्हा, पण माणसाशी फॅमिलिअर आहे असं म्हणताना सांभाळा, वडीलधाऱ्यांच्या बाबतीत सांभाळा, आणि बायकांच्या बाबतीत तर फारच सांभाळा!" वर्ग खो खो हसला. माझे कान तापले. शेजारच्या मुलाने विचारलेही, "काय रे, बरं नाही का?"

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागेच लागलो. मास्तरकीत मोकळा वेळ बराच मिळतो. कोश चाळता चाळता त्याचे मूळ सापडले. लॅटिनमध्ये फामिलिआ म्हणजे घर, घरातली सगळी माणसे. आणि त्या फामिलिआच्याही मुळाशी आहे फामुलुस, म्हणजे घरातला नोकर, गुलाम. रोमन माणूस फामिलिआ म्हणे तेव्हा त्यात आधी घरातले दास येत, बायकामुलांबरोबरीने. म्हणजे आपला घरोबा जसा घरातून निघाला तसाच हा शब्दही घरातूनच निघाला. पण मालकाच्या माजघरातून नव्हे, नोकराच्या पडवीतून! हे वाचले त्या दिवशी मला एकीकडे हसू आले आणि दुसरीकडे वाटले, हे अण्णांना सांगावे. पण सांगायचे तर आधीचे सारे सांगावे लागणार होते.

या शब्दाला चांगले दिवस दिसले नाहीत असे नाही. सिसेरोने आपल्या स्नेहीसोबत्यांना लिहिलेल्या पत्रांचे सोळा भाग झाले. त्या संग्रहाच्या नावात हा शब्द आहे. चौदाव्या शतकात पेत्रार्काने आपल्या पत्रांच्या संग्रहालाही तेच नाव दिले. हा पेत्रार्का मोठा गमतीचा. १३४५ साली व्हेरोनात त्याला सिसेरोची जुनी पत्रे सापडली, ती वाचून आपल्या आवडत्या लेखकाचे मातीचे पाय त्याला दिसले, आणि त्याने चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोला एक कानउघाडणीचे पत्र लिहून टाकले! याला म्हणतात सलगी. इंग्रजीत हॅझ्लिटने साध्या, घरगुती लेखनशैलीवर एक निबंध लिहिला, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. आणि ज्या लेखनप्रकाराला इंग्रज फॅमिलिअर एसे म्हणतात, तो मराठीत आणताना ना. सी. फडक्यांनी गुजगोष्ट हा मोठा गोड शब्द वापरला. म्हणजे आपण फराळाचे ताट मांडीवर घेऊन हे जे वाचत आहात, तेही एका अर्थी फॅमिलिअरच. हॅझ्लिटचे म्हणणे असे की, घरगुती लिहिणे दिसते तितके सोपे नसते. त्यासाठी शब्द पारखून घ्यावा लागतो. मी नववी-दहावीत असताना हे मला कोणी सांगितले असते तर!

आणि वाईट दिवस? इंग्लंडात सोळाव्या-सतराव्या शतकांत चेटकिणींचे जे खटले झाले, त्यांत फॅमिलिअर हे नाम होऊन बसले. चेटकिणीने पाळलेले भूत, ते मांजराच्या, बेडकाच्या नाही तर उंदराच्या रूपाने तिच्यापाशी राहते, अशी समजूत. १६४५ च्या सुमारास मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा एक गृहस्थ गावोगाव हिंडून चेटकिणी शोधून देण्याचाच धंदा करीत असे. एखादी एकटी म्हातारी, तिच्या पायाशी एक मांजर; एवढा पुरावा कित्येकदा बोलायला पुरे होई. जे जनावर तिच्या एकटेपणात सोबतीला होते, तेच तिच्या विरुद्ध साक्षीला उभे!

आपल्या जवळही हा शब्द येऊन गेलेला आहे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडली तर, इन्क्विझिशनचे न्यायासन होते. त्या न्यायासनाची कामे करणारी पाद्री नसलेली जी माणसे असत, त्यांना पोर्तुगीजमध्ये फमिलिआर म्हणत. ज्याला पकडायचे त्याच्या दारात हे लोक उभे राहत. आपल्या कुळाची शुद्धता सिद्ध केल्याशिवाय ती जागा मिळत नसे, आणि मिळाली की तो मोठा मान मानला जाई. घरचा माणूस असा ज्याचा अर्थ, तो शब्द दारात दिसला की घरच्या माणसांचे पाय लटपटावेत, असे त्याचे झाले होते.

अतिपरिचयाने अवज्ञा होते, असे संस्कृतात म्हटले आहे. मलय पर्वतावरची भिल्लीण चंदनच चुलीत घालते, हा त्याचा दाखला. इंग्रजीतही याच अर्थाची म्हण आहे आणि तिथे इसापाच्या कोल्ह्याचा दाखला देतात. कोल्हा सिंहाला पहिल्यांदा बघतो तेव्हा मरायलाच टेकतो, दुसऱ्यांदा नुसता घाबरतो, आणि तिसऱ्यांदा सरळ जवळ जाऊन गप्पा मारू लागतो. वर्गात ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली, पण मला ती कधी पटली नाही. कोल्ह्याने अवज्ञा केली असे सगळे म्हणतात. पण तिसऱ्या भेटीत तो नुसता बोलायला गेला होता. त्याच्या मनात काय होते हे कोणी त्याला विचारलेले नाही.

अण्णा १९७३ साली निवृत्त झाले, ते कारकून म्हणूनच. ते साहेब १९६५ मध्येच बदलून मुंबईला गेले होते. त्यांच्या मागून आलेल्यानेही अण्णांना हेडक्लार्क केले नाही. तेव्हा त्या एका शब्दानेच सगळे घडले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. कदाचित तो शब्द नसता तरी मुंबईहून माणूस आलाच असता. ही समजूत मी स्वतःला पुष्कळदा घालून पाहिली आहे. दिवसा ती पटते.

मी तोवर शाळेत लागलो होतो. संध्याकाळी ओट्यावर पाच-सहा मुले शिकवणीला येत. निवृत्त झाल्यावर अण्णा आत झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत, आणि माझे शिकविणे त्यांच्या कानांवर पडे. १९७४ सालच्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ. मी मुलांना सांगत होतो : फॅमिलिअर विथ, फॅमिलिअर टू. विषय माहीत असेल तर विथ. विषय ओळखीचा असेल तर टू. मुलांनी वह्यांत दोन वाक्ये लिहिली. मी पुढच्या शब्दाकडे वळलो. झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या.

"तिसरंही एक असतं," आतून अण्णा म्हणाले. "ते पोरांना सांग. परीक्षेत येत नाही, पण सांग."

मी दाराकडे पाहिले. अण्णांच्या तोंडापुढे वर्तमानपत्र होते. अकरा वर्षे मी जे उराशी घेऊन बसलो होतो ते या माणसाने वर्तमानपत्राआडून, मुलांदेखत, एखादे औषध चमच्याने द्यावे तसे मला दिले. मी मुलांना तिसरे सांगितले. आवाज नीट लागत नव्हता. एका मुलाने विचारले, "सर, मग माणसासाठी काय वापरायचं?" मी काही बोलायच्या आधी आतून उत्तर आले, "नोन." आणि झोपाळा पुन्हा सुरू झाला.

त्यानंतरची एकच गोष्ट सांगायची आहे. १९७९ सालच्या वैशाखात सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात लग्न होते. मुलीकडून आम्ही, मुलाकडून ते साहेब. केस पांढरे झालेले, पाइप गेलेला, अंगाने सुटलेले. अण्णा चौसष्ट वर्षांचे. अंगात तोच जुना तपकिरी कोट, एकदा उलटवून शिवलेला. जेवणाच्या पंगती उठत होत्या. साहेबांनी लांबूनच पाहिले, चार माणसे बाजूला सारून ते आले आणि अण्णांपुढे उभे राहून अगदी मोठ्याने म्हणाले, "काय मास्तर, ओळखलंत का?"

मास्तर! कचेरीत तीन वर्षे त्यांनी अण्णांना आडनावाने हाक मारली होती. अण्णांनी चष्मा काढला, पंचाने पुसला, पुन्हा लावला, आणि त्यांच्याकडे शांतपणे बघून म्हणाले, "युवर फेस इज फॅमिलिअर, सर."

माझ्या पोटात धस्स झाले. साहेब मात्र दिलखुलास हसले. त्यांनी अण्णांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, बायकोला हाक मारली, "अगं, हे बघ, यांनी मला गणित शिकवलंय," म्हणाले, आणि त्यांच्या बायकोने अण्णांना वाकून नमस्कार केला. ते वाक्य, तो अर्ज, ती लाल रेघ, यांतले काही एक त्यांना आठवत नव्हते. तसे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होते.

रात्री आम्ही दोघे चालत घरी निघालो. आयर्विन पुलाकडून वारा येत होता. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. शेवटी मीच विचारले, "अण्णा, खरंच ओळखलं नव्हतंत?"

"न ओळखायला काय झालं!" अण्णा म्हणाले. "पोरगा हुशार होता. फक्त व्यस्त त्रैराशिक त्याला कधी जमलं नाही. मजूर वाढले की दिवसही वाढवायचा. किती वेळा सांगितलं, बाबा रे, हे उलटं असतं. मान डोलवायचा आणि पुन्हा तेच मांडायचा."

असे म्हणून त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, तपकिरीच्या डबीला चिकटलेल्या चार अक्षता झटकल्या, आणि डबी उघडून माझ्यापुढे धरली.